यात वरचं कुठंय?

आमच्या टीममध्ये दर दोन-तीन महिन्यांनी पॉटलक असतो. मागच्या खेपेला यादीत माझ्या नावापुढे मी ‘ब्रुस्केटा’ लिहिलं आणि डब्यातून भाजलेल्या पावाचे जाड काप नेले. त्यावर लसूण घासलेला, तेल आणि मीठ. बाकी काही नाही. डबा उघडला आणि पहिलाच प्रश्न आला, “यात वरचं कुठंय?” वरचं म्हणजे टोमॅटो, ऑलिव्हच्या चकत्या, मक्याचे दाणे, सिमला मिरची आणि या सगळ्या मंडळींना जागेवर धरून ठेवणारं चीज. वरचं नसतंच, असं मी म्हटल्यावर एकानं फार सहानुभूतीनं विचारलं, “रिलीजच्या गडबडीत राहून गेलं का गं?”

त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायला डबे संपेपर्यंतचा वेळ पुरला नसता, म्हणून ते इथे देते आहे.

ब्रुस्केटा हे पावाचं आणि तेलाचं नाव आहे. रोमकडच्या बोलीत ‘ब्रुस्कारे’ म्हणजे निखाऱ्यावर भाजणं, त्यावरून हा शब्द आला. तोस्कानात याच पदार्थाला ‘फेत्तुंता’ म्हणतात, म्हणजे तेलानं माखलेला काप. दोन्ही नावांत टोमॅटोचा उल्लेखही नाही. शिळ्या होत चाललेल्या पावाला विस्तव दाखवायचा, लसूण घासायचा, तेल ओतायचं. हा एवढाच पदार्थ.

इथे एक वर्ग लगेच पुढे सरसावतो. “ब्रुशेटा नाही हं, ब्रुस्केत्ता!” त्यांचं बरोबर आहे. इटालियनमध्ये तिथे ‘क’च होतो. पण मी पाहिलंय, उच्चार दुरुस्त करून झाल्यावर हेच लोक चीज वितळलेला, साखर घातलेला मऊ ब्रेड मिटक्या मारत खातात. नाव शुद्ध झालं की पदार्थाचं काहीही झालं तरी चालतं. या अस्सलपणाच्या पोलिसांत माझी भरती करू नका. परंपरेचाच दाखला द्यायचा तर टोमॅटो इटलीत पोचला सोळाव्या शतकात, आणि नेपल्सच्या अंतोनियो लातिनीनं टोमॅटोचा सॉस छापील पुस्तकात नोंदवला तो 1690 च्या दशकात, तोही ‘स्पॅनिश पद्धतीचा’ म्हणून. आज सगळ्यांना अस्सल वाटणारा टोमॅटो तिथे उपराच होता. त्यामुळे ‘पूर्वापार असं नव्हतं’ हा माझा मुद्दा नाही. माझा मुद्दा असा, की या पदार्थातल्या प्रत्येक गोष्टीला काम आहे, आणि आपण सगळ्यांची कामं काढून घेऊन त्यांना नुसतं सजवून बसवलंय.

घरी करून बघा. पाव आदल्या दिवशीचा हवा, बाहेरून कडक आणि आतून जाळीदार. बेकरीत मिळणारा सावरडो चालतो. पिशवीतला स्लाइस ब्रेड चालत नाही. तो कोरडा व्हायच्या आत वरून करपतो आणि आतून ओलाच राहतो. दीड-दोन सेंटीमीटर जाडीचे काप करा. वांगी भाजायची जाळी गॅसवर ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा, कडांना थोडे काळे डाग पडू द्या. गरम असतानाच सोललेली लसणाची पाकळी अर्धी कापून त्यावर फिरवा. पाव नीट भाजला असेल तर त्याचा पृष्ठभाग किसणीसारखा खरखरीत झालेला असतो. पाकळी तुमच्या डोळ्यांदेखत झिजते. मऊ ब्रेडवर ती नुसती घसरते. म्हणून मग हॉटेलवाले लसणाचं बटर लावतात. एक काम बिघडलं की ते झाकायला दुसरी वस्तू येते, तिचा तेलकटपणा झाकायला तिसरी. माझ्या धंद्यात असला कोड मी रोज बघते. मूळ चूक दुरुस्त करायची सोडून तिच्यावर थर चढवत जायचे, आणि थरांची संख्या वाढली की त्याला ‘फीचर’ म्हणायचं.

टोमॅटो घालायचाच असेल तर तोही कामाला लावा. बारीक चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा. सुटलेलं पाणी गळून जाऊ द्या, नाहीतर पाव भिजून लगदा होईल. पावावर घालायचा तो अगदी वाढताना. पण एक लक्षात घ्या. तिथे टोमॅटोचा खरा मोसम उन्हाळ्याचा, जुलै-ऑगस्टचा. ऑलिव्हचं नवं तेल निघतं ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर. म्हणजे भरात असलेला टोमॅटो आणि घाण्यावरून आलेलं ताजं तेल यांची गाठ पडतच नाही. हे दोन ऋतूंचे दोन पदार्थ आहेत. बारमाही मेनूकार्डानं त्यांना एकाच बशीत कोंबलंय.

मला हे कळलं ते ऑफिसच्या कामानं नोव्हेंबरात तीन आठवडे फ्लॉरेन्सला गेले तेव्हा. गावाबाहेरच्या एका घाण्यावर भाजलेला पाव ठेवलेला होता, त्यावर तासाभरापूर्वीचं तेल. हिरवंगार, आणि घशात मिरी चावल्यासारखं झोंबणारं. तिथला पाव अळणी असतो, पिठात मीठच घालत नाहीत. त्यामुळे लपायला कुठे जागाच नाही. तेल वाईट असेल तर पहिल्या घासाला कळतं. फेत्तुंता ही मुळात तेलाची परीक्षा आहे.

आणि ती परीक्षा घेणारे कोण होते? तोस्कानात शतकानुशतकं ‘मेद्झाद्रिया’ चालत होती. जमीन आणि घर मालकाचं, राबणं कुळाच्या अख्ख्या कुटुंबाचं, पीक निम्मं-निम्मं. तेलातही निम्मा वाटा. असे नवे करार करायला इटलीत कायद्यानं बंदी आली ती 1964 साली, म्हणजे परवा-परवा. वर्षभर राबून हाती आलेल्या तेलाची चव ज्या घासात कळायची, त्या घासाला आपण ‘स्टार्टर’ म्हणतो. मुख्य जेवण यायच्या आधीचा टाइमपास.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. ते बार्शीकडे दुसऱ्याची जमीन अर्धेलीनं करायचे. रब्बीची करडई निघाली की वाट्याला आलेल्यातली थोडी घाण्यावर जायची, आणि त्या दिवशी भाकरीवर नवं तेल आणि मीठ. आता कृपा करून ‘म्हणजे भाकरी हीच आपली ब्रुस्केटा’ असं म्हणू नका. भाकरी ही भाकरीच आहे, तिला इटालियन पासपोर्टाची गरज नाही. दोन्हीकडे सारखा आहे तो निम्मा वाटा. आणि दोन्हीकडे पुढच्या पिढीला त्या घासाची लाज वाटली, हेही सारखं आहे. आमच्याकडे पाहुणे आले की तेल-मीठ लपवून लोणी बाहेर यायचं, असं आजी सांगते. वरचं कुठंय हा प्रश्न तिलाही ठाऊक होता.

एक आक्षेप मात्र खरा आहे. चांगलं ऑलिव्ह तेल पुण्यात हजार रुपये लिटरच्या पुढे जातं. मग गरिबांच्या पदार्थाचा हा कैवार श्रीमंती चोचला नाही का? आहे. मी पगारदार आयटीवाली आहे, ते नाकारून उपयोग नाही. पण त्याच गिऱ्हाइकाकडून कॅफेवाले चार कापांचे तीन-चारशे घेतात आणि वर शिंपडतात ते महिनोन् महिने उन्हात उभ्या बाटलीतलं, खवट झालेलं तेल. मक्याखाली ते कळत नाही, इतकंच. मी म्हणते, चीज आणि ऑलिव्हच्या बरणीचे पैसे वाचवा, छोटी बाटली घ्या, तिच्यावर हंगामाची तारीख शोधा, अंधारात ठेवा आणि लवकर संपवा. नाहीतर सरळ घाण्याचं शेंगदाण्याचं तेल घाला. उत्तम लागतं. फक्त त्याला ब्रुस्केटा म्हणू नका.

मागच्या महिन्यात आजी पुण्याला आली होती, तेव्हा तिला एक काप दिला. तिनं कडेचा काळा भाग आधी मोडून खाल्ला, मग मधला. तेल बोटावर घेऊन वास घेतला. “घशाला लागतंय,” म्हणाली. “नवं हाय व्हय?”

वरचं कुठंय, असं तिनं विचारलं नाही. दुसरा काप मागितला.