मराठी बराक कशाला मागता?

मंडळाच्या मागच्या बैठकीत एक मागणी पुढे आली आणि तिला टाळ्याही पडल्या. डिंडोली, लिंबायत, उधना भागातल्या आपल्या पोरांना अटक झाली, तर त्यांना तुरुंगात मराठी पोरांच्याच बराकीत ठेवावे, असे निवेदन आमदार-खासदारांना द्यायचे म्हणे. त्या वेळी आम्ही गप्प बसलो, ही आमची चूक. आज विरोध लेखी नोंदवतो.

मागणीमागचे दुखणे खोटे नाही. आपल्याच गल्लीतला एकोणीस वर्षांचा पोरगा, लूमवर कामाला जाणारा, गणपती विसर्जनाच्या मारामारीत धरला गेला. त्याआधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेला नव्हता. तीन महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. कोणत्या तुरुंगात, ते इथे लिहीत नाही. शेजारी कोण होते? खंडणीत मुरलेले, चार-चार वेळा आत-बाहेर केलेले. पोरगा बाहेर आला तो त्यांचे फोन नंबर पाठ करून आला. आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, पोऱ्या घर उना, पन पहिलेसारखा नही रायना."

या माउलीला मराठी बराक देऊन काय मिळाले असते? खंडणीवाला मराठी असता, एवढेच! आपल्यात असले लोक नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय?

आमचे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले, म्हणून आमच्या धंद्यातले सांगतो. कर्जखात्यांची वर्गवारी आम्हीही करतो. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक. त्यातही दुय्यम, संशयित, बुडीत अशा पायऱ्या. कर्जदार पाटील आहे की पटेल, हे त्या रकान्यात कुठेही येत नाही. खाते कसे चालले, एवढेच बघतात. शिवाय थकबाकी पूर्ण भरली की तेच खाते पुन्हा चांगल्यात येते. पैशाच्या बाबतीत एवढी शिस्त पाळायची आणि माणसाला मात्र आडनाव बघून कोंबायचे, हा कुठला न्याय?

आणि ही मागणी आता कायद्यातही बसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात निकाल दिला. अर्जदार मुंबईच्या पत्रकार, हे मुद्दाम सांगतो. तमिळनाडूतल्या पालयमकोट्टई तुरुंगात थेवर, नाडर, पल्लर असे जातवार विभाग होते. काही राज्यांच्या नियमावलीत स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचा, हेही जातीवरून ठरत होते. न्यायालयाने हे सारे घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढायला सांगितला. "वेगळे ठेवले की भांडणे होत नाहीत" ही सबब तिथेही सांगितली गेली होती. आपल्या बैठकीत नेमकी हीच सबब ऐकली.

त्याच निकालात भटक्या-विमुक्तांचाही विचार झाला आहे. आपल्या मराठी मुलखातल्या पारधी, कैकाडी लोकांना इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये गेला, पण "सराईत गुन्हेगार" हा शिक्का तुरुंगांच्या वह्यांत मागच्या दाराने राहिला. जन्मावरून केलेल्या वर्गवारीचे फळ आपल्याच माणसांनी तीन पिढ्या भोगले. आता आपणच ती मागायची?

मग वेगळे ठेवूच नये काय? ठेवलेच पाहिजे. १८९४ च्या इंग्रजी कायद्यातसुद्धा लिहिलेले होते: बायका वेगळ्या, कोवळ्या वयाचे वेगळे, शिक्षा न झालेले शिक्षा झालेल्यांपासून वेगळे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांसाठी केलेल्या नमुना कायद्यातही कैद्याची तपासणी करून वर्गवारी करण्याची तरतूद आहे. कागद उत्तम आहे. अडते ते जागेवर. २०२२ अखेर देशात ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते, म्हणजे जागा शंभराची आणि माणसे १३१. त्यातले शंभरात ७५ कच्चे कैदी. अशा गर्दीत कारकून वय बघणार की रिकामी फरशी?

नुसते "धोकादायक" म्हणून एकत्र डांबणे हाही उपाय नव्हे. जून २०१२ मध्ये येरवड्याच्या अंडा सेलमध्ये, जिथे सर्वांत कडक पहारा, तिथेच एका कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला. जून २०२४ मध्ये कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात मुंबई बॉम्बस्फोटातला एक कैदी इतर कैद्यांनी मारला. कोणाचे कोणाशी वैर आहे, हे पहिल्या दिवशी विचारून लिहिले पाहिजे आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासले पाहिजे.

शेजार कसा असावा, हे खानदेशी माणसाला आम्ही काय सांगावे! १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. गीता प्रवचने त्या भिंतींच्या आत जन्मली. आणि आपला पोरगा फोन नंबर घेऊन आला.

एक कडू गोष्टही लिहितो, राग येईल. आपल्यातली जुनी, बस्तान बसलेली घरे आपला कोणी आत गेला की ओळखी काढतात, खिसा सैल करतात आणि "चांगली बराक" मिळवायला बघतात. त्याच वेळी गल्लीतला लूमवाला आत गेला की "होतेच तसले" म्हणून मोकळे होतात. मराठी बराकीची मागणी करणारे हात बहुतेक त्याच घरांतले होते.

म्हणून निवेदन द्यायचेच तर हे द्या. लाजपोर मध्यवर्ती कारागृहात प्रत्येक नव्या कैद्याचे वय, पहिलाच गुन्हा की कसे, आजार, मनःस्थिती आणि वैर यांची नोंद होऊन त्यावरच बराक ठरते का, हे लेखी विचारा. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी संहितेच्या ४७९ व्या कलमाने, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले वगळून, त्याला सोडण्यासाठी तुरुंग अधीक्षकाने स्वतः न्यायालयाकडे अर्ज करायचा आहे. असे किती अर्ज गेले, तेही विचारा. जातीच्या भेदावर लक्ष ठेवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि अभ्यागत मंडळाला दिले आहे. आपल्यात वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. अशासकीय अभ्यागत म्हणून त्यांची नावे सुचवा.

मसुदा आम्ही टाइप करून ठेवला आहे. येत्या रविवारी मंडळाच्या कार्यालयात सह्यांसाठी असेल. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी यावे.