आत या, पण शिकवू नका

एखादा धर्म परक्याला जवळ घेतो तेव्हा त्याला कुठे बसवतो, हे पाहायला हवे. ख्रिस्तापाशी दास आणि स्वतंत्र, स्त्री आणि पुरुष हे भेद उरत नाहीत, ही पौलाची शिकवण. पण तेच बायबल हाती धरून अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी काळ्यांची गुलामी ईश्वरी ठरवली. आधार काय, तर नोहाने आपल्या नातवाला, कनानला, दिलेला शाप! त्या गोष्टीत कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही. गुलामांनी मात्र त्याच पुस्तकात मिसरातून सुटलेल्या लोकांची कथा वाचली आणि स्वातंत्र्याची आस धरली. म्हणजे प्रश्न पुस्तकाइतकाच ते कोण वाचतो, याचाही आहे.

पंडिता रमाबाईंना हा प्रश्न इंग्लंडमध्ये भेटला. 1883 साली वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना, त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना 1885 साली पुढे आली. हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी तिला विरोध केला. कारण दिले ते असे, की यामुळे मायदेशी रमाबाईंचे वजन कायमचे नाहीसे होईल. हिंदी स्त्रीला काय शोभते, हे गोरे धर्मगुरू ठरवणार होते, तेही आपल्या लोकांच्या नावाने! रमाबाईंनी विचारले, माझ्या वडिलांची वा पतीची याला कधी हरकत नव्हती, मग तुमची का? इथल्या भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले ते दुसरे तसेच मानेवर घ्यायला नव्हे, असेही त्यांनी ठणकावले. त्यांना गर्विष्ठ, हट्टी ठरवले गेले. ही पत्रे 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली आहेत. प्रत्येक कार्यकर्तीने ती वाचावीत.

त्यानंतर रमाबाई अमेरिकेत गेल्या. त्या देशाचे त्यांना कौतुक होते. तरीही 1889 सालच्या आपल्या मराठी पुस्तकात, गुलामी कायद्याने संपल्यावरही उरलेला वर्णद्वेष आणि मूळ रहिवाशांवरचा अन्याय त्यांनी झाकला नाही.

इकडे सनातन्यांनी त्यांना धर्मबुडवी म्हटले, तिकडे चर्चला आज्ञाधारक लेकरू हवे होते. त्या दोघांच्याही साच्यात बसल्या नाहीत. त्यांनी धर्म सोडला नाही, वाचनाचा हक्कही सोडला नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणले. केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले.

मैत्रिणींनो, ही गोष्ट चर्चपुरती मानून सुटका होणार नाही. रमाबाईंच्या पहिल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री' होती. इतर जातींच्या बाया मोठ्या संख्येने त्यांच्याकडे आल्या त्या पुढे, दुष्काळात. आपल्या शिबिरांत तरी काय घडते? दलित, आदिवासी, मुस्लिम बाई येते, तिच्या दुःखाची कहाणी आपण ऐकतो, टिपून घेतो. पण त्या कहाणीचा अर्थ कोण सांगते? ठराव कोण लिहिते? विषय कोण ठरवते? 'बहीण' म्हणून सतरंजीवर बसवायचे आणि फळ्यापाशी मात्र येऊ द्यायचे नाही, हे त्या बिशपांपेक्षा वेगळे कसे?

पुढच्या बैठकीत खडू कुणाच्या हाती आहे, तेवढे पाहा.