निळ्या थेंबातलं तारुण्य

अंबरनाथ वेस्टची माझी मैत्रीण. वय पस्तीस, नोकरी फोर्टला, रोजची सीएसएमटी लोकल. परवा लेडीज डब्यात तिने पर्समधून निळ्याशार द्रवाची इवलीशी बाटली काढली. ‘कॉपर पेप्टाइड! अडीच हजार मोजलेत. ऑफिसातली नवी पोरगी मला चक्क काकू म्हणाली गं!’

आई तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिते, लेक तांबं चेहऱ्याला लावते. हसू नका, यात तथ्य आहे!

1973 मध्ये लॉरेन पिकार्ट या अमेरिकी संशोधकाला माणसाच्या रक्तद्रवात एक छोटा रेणू सापडला. तीन अमिनो आम्लांची ही साखळी, नाव जीएचके. ती तांब्याला घट्ट धरते, म्हणून तो निळा रंग. कोलाजेन आणि इलास्टिन, म्हणजे त्वचेचा घट्टपणा आणि लवचीकपणा. त्यांचे धागे एकमेकांत गुंफणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतंच. प्रयोगशाळेत जीएचकेमुळे त्वचेच्या पेशी जास्त कोलाजेन बनवताना दिसल्या. माणसांवरच्या चाचण्या मात्र छोट्या आणि थोड्याच. म्हणजे तीन महिने नेमाने लावलं तर बारीक रेषा जराशा मऊ, एवढीच आशा ठेवा. आणि आईचं पाणी? रोजच्या जेवणातून पुरेसं तांबं मिळतंच. जास्तीचं पोटात गेलं म्हणून सुरकुत्या जात नाहीत.

खरी गोम पुढेच आहे. मी तिचा चेहरा नीट पाहिला. सुरकुत्या कुठे होत्या? गालांवर होते ते वांगाचे डाग! आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर वय बहुधा आधी डागांतून दिसतं, सुरकुत्या नंतर येतात. वांग वाढवतं ऊन, आणि त्यावर कॉपर पेप्टाइड हा इलाज नव्हे. स्टेशनपर्यंतची चाल, प्लॅटफॉर्मवरची वाट, खिडकीतली सीट... सनस्क्रीन? ‘ते फक्त गोव्याला जाताना!’

ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी 1992 ते 1996 या काळात 55 वर्षांखालच्या 903 जणांवर मोठा प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत म्हातारी झाल्याचं जवळजवळ दिसलंच नाही. इतका भक्कम पुरावा निळ्या बाटलीकडे नाही.

मग काय करायचं?

- सकाळी एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, भरपूर. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड घ्या. सोबत छत्री किंवा ओढणी हवीच.
- सीरम रात्री, स्वच्छ चेहऱ्यावर. आधी कानामागे लावून दोन-तीन दिवस बघा. व्हिटॅमिन सी सकाळी लावा, दोन्ही एकत्र नकोत.
- सुरकुत्यांसाठी रेटिनॉइडचा पुरावा जास्त पक्का आहे, पण तो डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणात अजिबात नको.
- याच नावाच्या इंजेक्शनच्या कुप्या ऑनलाइन विकल्या जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नका!
- डाग पसरत असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

मैत्रिणीची बाटली आता रात्री उघडते, आणि पर्समध्ये सनस्क्रीनची ट्यूब आली आहे. राहिला प्रश्न त्या पोरीचा. तिला सांगून टाकलंय, ‘ताई म्हण!’ हा इलाज फुकट आणि लगेच लागू पडणारा!