स्कूटरचे सुख

मोटार म्हणजे श्रीमंती, सायकल म्हणजे साधेपणा आणि बस म्हणजे सामुदायिक जीवन, असा वाहनांचा एक नैतिक क्रम समाजवादी मंडळींच्या मनात फार काळ ठसलेला होता. स्कूटरला या क्रमात धड जागा नव्हती. एखाद्या कार्यकर्त्याने ती घेतलीच तर ‘कामासाठी घेतली’ असा खुलासा त्यास करावा लागे. ती चालविताना सुख होते, हे मोकळेपणी कबूल करण्याची सोय नव्हती. हा संकोच अनाठायी होता.

वस्तुतः स्कूटरचा जन्म ऐश्वर्यात झालेला नाही. इटलीतील पोंतेदेरा येथील प्याज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपले तेव्हा रस्ते फुटलेले होते, लोकांच्या हाती पैसा नव्हता आणि विमानांना मागणी उरली नव्हती. अशा वेळी कोर्रादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने जो आराखडा केला त्यातून १९४६ मध्ये व्हेस्पा अवतरली. गंमत अशी की या गृहस्थास मोटारसायकल मुळीच आवडत नसे. तिच्यावर टांग टाकून बसावे लागते, साखळीच्या तेलाने कपडे माखतात आणि चाक पंक्चर झाले की ते काढणे हा एक उपद्व्यापच होतो, या त्याच्या तक्रारी होत्या. म्हणून त्याने इंजिन मागील चाकाशी नेऊन साखळीच काढून टाकली, गिअर डाव्या मुठीत आणला, पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने अडकविले आणि समोर पत्र्याची ढाल लावली. कामावर जाणाऱ्या सामान्य माणसाचे कपडे स्वच्छ राहावेत, एवढी साधी चिंता या यंत्राच्या मुळाशी आहे.

पाय ठेवण्यासाठी दास्कानियोने जी सपाट जागा सोडली, तिचे खरे माहात्म्य आपल्या देशात कळले. तेथे दळणाचा डबा आला, गॅसचे सिलिंडर आले, हँडल धरून उभे राहणारे मूल आले. मागे पत्नी एका बाजूस पाय सोडून बसलेली, तिच्या मांडीवर धाकटे. कायद्याला मागे एकच माणूस मंजूर आहे, पण कुटुंब काही कायदा पाहून वाढत नाही.

बजाज ऑटोला दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. प्याज्जोशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यानंतर १९७२ मध्ये अकुर्डीहून ‘चेतक’ बाहेर पडली. राज्याचे विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली व साताऱ्यास ‘प्रिया’ तयार होऊ लागली. त्या काळी साताऱ्यातील एखादा कारकून रविवारी सकाळी यवतेश्वराचा घाट दुसऱ्या गिअरवर चढून कासच्या पठाराकडे निघे, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? गाडी चालू होण्यापूर्वी ती एका बाजूस कलती करावी लागली असेल, चार किका वाया गेल्या असतील, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचा धूर नाकात गेला असेल. परंतु वळणावर वारा अंगावर आला की, सहा दिवस साहेबाच्या घंटेवर चाललेले आयुष्य क्षणभर आपल्या मुठीत आल्यासारखे वाटते. इकडे वळावे की तिकडे, थांबावे की जावे, हे ठरविण्याचा अधिकार फार थोड्या माणसांना फार थोडा वेळ मिळतो. या अधिकाराला चैन म्हणणे हा कोरडेपणा होय.

मग या सुखाची वाटणी आपण कशी केली? येथे समाजवाद्यांनी थोडे आत्मपरीक्षण करणे बरे. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढाव्यात हा आकडाही परवान्यात सरकारच ठरवीत असे. परिणामी अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलगा कॉलेजात असताना नोंदविलेली गाडी त्याच्या लग्नानंतर दारात येई. परकीय चलन असणाऱ्याला रांग नव्हती, काळ्या बाजारात वरचे पैसे मोजणाऱ्यालाही नव्हती. आणि जावयाला स्कूटर हवी म्हणून किती बापांनी कर्ज काढले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. समतेच्या नावाने टंचाई राखली की ती विशेषाधिकारच पोसते. लखनौच्या सरकारी स्कूटर्स इंडियाने मिलानच्या इनोचेंतीची यंत्रसामग्री आणून लँब्रेटाचा वारसा मिळविला होता. त्या कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय केंद्राने २०२१ मध्ये घेतला. दोष सगळा खाजगीकरणवाल्यांवर ढकलून भागणार नाही.

ऐंशीच्या दशकात ही रांग ओसरू लागली. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाला गिअर नव्हता आणि बटण दाबताच ती सुरू होई. त्यानंतर जे घडले ते कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हते. मागच्या आसनावर एका बाजूस बसणारी स्त्री पुढे आली. परिचारिका, शिक्षिका, शिकवणीहून रात्री परतणारी मुलगी, यांना भावाची किंवा नवऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. पुण्याच्या कोणत्याही चौकात सिग्नलला उभे राहिल्यास हे दृश्य दिसते.

त्याच चौकात दुसरेही दृश्य आहे. पाठीवर चौकोनी पिशवी, हँडलवर फोन आणि नजर घड्याळावर. ही स्कूटर त्या तरुणाच्या मालकीची आहे. पेट्रोल त्याचे, हप्ता त्याचा, पंक्चर त्याचे, अपघातही त्याचाच. श्रमिकाच्या हाती उत्पादनाचे साधन यावे असे आपण म्हणत आलो. येथे ते आले आहे, परंतु कोठे वळावयाचे हे फोनवरचा हुकूम ठरवितो. कंपनी त्यास कामगार न म्हणता ‘भागीदार’ म्हणते. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा उल्लेख प्रथमच झाला खरा, पण उल्लेख म्हणजे वेतन नव्हे. गाडीच्या झिजेचा व इंधनाचा खर्च कंपनीने सोसावा, रिकाम्या वाट पाहण्याच्या तासांचे पैसे द्यावेत आणि अपघाताची पूर्ण जबाबदारी घ्यावी, या मागण्या त्याच्या संघटनांबरोबर आपणही केल्या पाहिजेत. घरच्या दळणासाठी आणि रविवारच्या घाटासाठी ती स्कूटर त्याच्याजवळ शिल्लक राहावी, एवढे तरी त्यातून साधावे.