दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि संमति

‘अंडाशयावर गांठ आहे, पण दुर्बिणीनें काढतील, दोन दिवसांत घरीं,’ असें वाक्य हल्लीं पुष्कळ घरांत ऐकूं येतें. १८०९ सालीं अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत डॉक्टर मॅकडोवेल यांनीं जेन क्रॉफर्ड नांवाच्या बाईंची अशी सुमारें २२ पौंडांची गांठ पोट चिरून काढली, तीही भुलेवांचून! बाई त्यासाठीं घोड्यावर बसून सुमारें ६० मैल आल्या होत्या, आणि पुढें ३२ वर्षें जगल्या. आज अर्ध्या ते एक सेंटिमीटरच्या तीन-चार छेदांतून तेंच काम होतें. पोटांत कार्बन डायऑक्साइड वायु भरून जागा करतात, बेंबीपाशीं दुर्बीण घालतात व गांठ पिशवींत घालून बाहेर काढतात. दुखणें कमी, अंथरूण लौकर सुटतें. हे लाभ खरे आहेत.

परंतु छेद लहान म्हणून निर्णयही लहान, अशी समजूत झाली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. पाळी चालू असतांना दिसलेली पाण्याची साधी गांठ पुष्कळदां दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. तिला शस्त्र कशाला? उलट पाळी गेल्यावर आढळलेली, आंत घट्ट भाग असलेली गांठ कर्करोगाची असूं शकते. ती पोटांत फुटल्यास रोग पसरण्याचें भय असतें, म्हणून तेथें मोठा छेद घेणेंच पुष्कळदां शहाणपणाचें. आणि दोन्ही अंडाशयें गेलीं कीं पाळी त्याच दिवसापासून कायमची बंद.

मग हें ठरवावें कोणीं? दिल्लीची एक बाई १९९५ सालीं केवळ दुर्बिणीच्या तपासणीसाठीं भुलेखालीं गेली. तिच्या आईची संमति घेऊन डॉक्टरांनीं गर्भाशय व अंडाशयें काढून टाकलीं. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, रुग्ण सज्ञान असून तांतडीचें कारण नसतां आईची संमति पुरेशी नव्हे. आमच्या एकत्र कुटुंबांत मामंजी किंवा यजमान मोठ्या मायेनेंच सही करतात. सूनबाई मात्र आंतल्या खोलींत असते!

केवळ गांठ काढणार कीं अंडाशयही? संशय आल्यास मोठा छेद घेणार काय? दुसऱ्या अंडाशयाचें काय? हे प्रश्न आदल्या दिवशींच, तिच्या समक्ष विचारावेत. आणि उत्तरें संमतिपत्रावर उतरल्यावर सही तिनें करावी.