खिशातला चाकू

मुलगी महाविद्यालयात गेली, मैत्रिणींबरोबर गडकिल्ले चढू लागली, आणि आता वाढदिवसानिमित्त तिने मिटणारा चाकू मागितला आहे. तो द्यावा की न द्यावा, आणि द्यावयाचा तर कोणता, असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे. त्यांच्या यजमानांचे मत असे की, द्यावयाचाच तर लहानसा आणि थोडा बोथटच द्यावा, म्हणजे बोट कापण्याची भीती नाही. या मतामुळेच हा प्रश्न मी सर्वांआधी हाती घेतला आहे. बोथट चाकूसारखा बोटांचा वैरी नाही. धार नसली की माणूस जोर लावतो, जोर लावला की पाते घसरते, आणि घसरलेले पाते कोठे जाऊन थांबेल हे मग कोणाच्याच स्वाधीन राहत नाही.

ही गोष्ट आपल्या घरांत चटकन ध्यानात येत नाही, याचे कारण बहुधा आपली विळी असावी. विळीचे पाते जागच्या जागी उभे असते. भाजी त्याच्यावर नेली जाते आणि दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. चाकूची रीत अगदी उलटी. वस्तू स्थिर, पाते चालते, आणि ते आपल्या दुसऱ्या हाताच्या दिशेने न चालविण्याचे शहाणपण शिकावे लागते. त्यातून हिंदी बोलपटांनी रामपुरी चाकूचे इतके कौतुक केले की, मिटणारे पाते दिसले म्हणजे सभ्य माणसाच्या डोळ्यांपुढे गुंडच उभा राहतो. वास्तविक बोरू तासावयाला आणि पुढे पेन्सिलीला टोक करावयाला चाकू आपल्या वडिलांच्या मेजावर असेच, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नसे.

निवड करताना पाते शेवटी पाहावे, सांधा आधी. ज्यांनी घरात चांगला अडकित्ता पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. अडकित्त्याची खिळी सैल झाली, पाते बाजूला हलू लागले, की नक्षी कितीही सुरेख असो, सुपारी तुटत नाही, चुरते. चाकू विकत घेताना तो पूर्ण उघडावा, पात्याचे टोक चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून पाहावे. हलला तर तो परत दुकानदाराच्या हवाली करावा. नवेपणीच ज्याचा सांधा खिळखिळा, तो वर्षभराने काय करील? मिटल्यावर पाते खाचेच्या मधोमध बसते की एका बाजूला घासते, तेही पाहावे.

यानंतरचा प्रश्न, उघडलेले पाते उघडे कशाने राहते, हा. आणि बोटांचे भवितव्य येथेच ठरते. बहुतेकांना ठाऊक असलेला लाल मुठीचा स्विस चाकू घ्या. ईबाख येथे कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली हत्यारांचा कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैनिकांना चाकू पुरविले आणि १८९७ साली आजच्या लाल चाकूचा पूर्वज नोंदविला. काम अव्वल दर्जाचे, पोलाद उत्तम, कात्री तर मोठमोठ्या कात्र्यांना लाजविणारी. परंतु त्याच्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या नमुन्यात पात्याला खटका नसतो. केवळ पाठीची कमान ते धरून ठेवते. फळ चिरताना दाब धारेवर येतो, तेव्हा काही बिघडत नाही. दोरीच्या गाठीत टोक खुपसून जोर केला, किंवा लाकडात अडकलेले पाते हिसडले, की कमान हार खाते आणि पाते थेट मुठीवरील बोटांवर मिटते. (त्याच कारखान्याच्या १११ मिलिमीटरच्या चाकूंना खटका असतो. दुकानात ही चौकशी फारच थोडे लोक करतात.)

याला साधा, स्वस्त आणि मला सर्वांत पसंत असलेला तोडगा फ्रान्समधल्या सॅव्हॉय प्रांताचा. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा चाकू केला. १९५५ साली त्याच घराण्यातील मार्सेल ओपिनेल यांनी सांध्याभोवती फिरणारे पोलादी कडे बसविले. पाते उघडावे, कडे बोटाने किंचित फिरवावे, की पात्याची परतीची वाट बंद. यात कमान नाही, बारीक यंत्र नाही. बिघडावयाचे ते काय बिघडणार? दोष एकच, आणि तो आपल्याकडे पावसाळ्यात हटकून दिसतो. बीच लाकडाची मूठ ओल शोषून फुगते आणि पाते उघडता उघडत नाही. चाकू वाळू द्यावा, सांध्याला थेंबभर तेल द्यावे. पुन्हा चालू लागतो.

पोलाद दोन जातींचे. साधे पोलाद लवकर धार घेते, पण कैरी चिरली की काळे पडते आणि ओले राहिले की गंजते. घरच्या लोखंडी विळीचा हा स्वभाव आपल्या भगिनींना सांगावयास नको. ज्यात क्रोमियम शेकडा साडेदहाहून अधिक, ते गंजाला दाद देत नाही. सह्याद्रीच्या पावसात भिजावयाचे असेल तर दुसरेच घ्यावे. मात्र पोलादापेक्षाही त्याला दिलेले पाणी महत्त्वाचे. रस्त्यावरच्या चाकावर ठिणग्या उडवीत धार लावून घेतली आणि कडा निळसर दिसू लागली, की पाणी उतरले असे समजावे. त्या जागी धार टिकावयाची नाही. घरी कुरुंदाचा दगड ठेवावा, पाते त्यावर सुमारे वीस अंशांत तिरपे धरून सावकाश ओढावे.

लांबीचा हव्यास नको. ओपिनेलचे आठ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटर असते. काकडी, कांदा, पाव, दोरी, पट्टीचे कापड, सर्व त्यात होते. आपल्याकडील शस्त्रविषयक नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत करतात, आणि घरगुती कामाची हत्यारे त्यांतून वगळतात. विमानाने जाताना मात्र केवढाही चाकू हातातील पिशवीत ठेवू नये. तो सामानाच्या पेटीत जावा. ज्यांची मुले इंग्लंडात आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: तेथे सबळ कारणावाचून खटक्याचा चाकू बाहेर बाळगणे हा गुन्हा आहे, आणि तीन इंचांपर्यंत धारेचा, खटका नसलेला मिटणारा चाकू चालतो. तेथे तो लाल चाकूच बरा.

गडावर एक पथ्य कडक पाळावयाचे. ताणलेल्या दोराजवळ उघडे पाते नेऊ नये. भार असलेला नायलॉनचा दोर धारेच्या नुसत्या स्पर्शानेही तुटतो, आणि त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो.

तेव्हा, भगिनी, यजमानांची समजूत घालावी आणि कड्याचा, न गंजणारा, आठ क्रमांकाचा चाकू आणावा, सोबत कुरुंदाचा लहानसा दगड. पहिले पंधरा दिवस तो घरातच वापरू द्यावा: कड्यावाचून काही चिरावयाचे नाही, आणि दुसऱ्याला देताना मिटून द्यावयाचा. धार मात्र तिची तिलाच लावू द्यावी.