पाहुण्याचा धर्म

सणासुदीला आपण दारी ज्या झेंडूचे तोरण बांधतो, त्याचे माहेर मेक्सिको. तेथे १ व २ नोव्हेंबरला याच फुलांनी घरोघरी वेदी सजते. दिवंगत आप्त त्या दिवशी घरी येतात, अशी श्रद्धा आहे.

परंतु घरच सुटले तर? मेक्सिकोच्या राजधानीत रोमा, कोंदेसा या वस्त्यांत अनेक परदेशी, विशेषतः अमेरिकन, येऊन राहिले आहेत. काम संगणकावरून मायदेशाचे, वेतन डॉलरमध्ये, खर्च पेसोत. एकमेव कारण हे नसले, तरी त्यामुळेही भाडी चढली आणि जुनी कुटुंबे दूर लोटली गेली. ४ जुलै २०२५ रोजी याविरुद्ध मोर्चा निघाला, दुकानांची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण त्यामागची वेदना खरी आहे.

अतिथीला देव मानावे, असे आपण यजमानाला सांगत आलो. अतिथीलाही धर्म आहे, असे आम्हांस वाटते. त्याने तेथील भाषा शिकावी, शेजार जोडावा, आपल्या सुखासाठी कोणाचा उंबरठा सुटत नाही ना, हे पाहावे. आपली मुलेही आज देशोदेशी राहतात; त्यांच्या शिदोरीत एवढा विवेक अवश्य बांधून द्यावा.